बग्गीला मागे ड्रम की चारही चाकांना डिस्क? उतारावर घोड्यांवर फार लोड येतोय

उतारवाट
नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा सविस्तर सांगा. चार चाकी बग्गी आहे, जोडीची, मधे दांडा आणि दोन्ही बाजूला एकेक घोडी. माणसं बसली की सगळं मिळून साधारण ७०० किलो भरतं. चाकं लाकडी, वर सॉलिड रबर, मागचं चाक १ मीटर व्यासाचं. ब्रेक जुन्या पद्धतीचा आहे, हातातला लिव्हर ओढला की लाकडी ठोकळे मागच्या चाकांच्या रबरावर दाबले जातात, लिव्हर अडकवायला दातेरी पट्टी. सपाटीला काहीच त्रास नाही पण रोजच्या रस्त्यात एक किलोमीटरभर लांब उतार आहे, ८ टक्क्यांचा, आणि रस्ता ओला असला की ठोकळे नुसते घासत राहतात, पकडच येत नाही, मग सगळी गाडी घोड्यांच्या पुठ्ठ्यांवर येते. डावीकडची घोडी हल्ली उतार सुरू व्हायच्या आधीच कान मागे टाकते आणि मागचे पाय पोटाखाली घेऊन बसल्यासारखी चालते. ते बघवत नाही.

डोक्यात असं आहे की कारच्या डिस्क घेऊन चारही चाकांना बसवाव्यात, हायड्रॉलिक, पायात पेडल. पण चाकं लॉक झाली तर? पुढच्या चाकांना ब्रेक द्यावा की नाही? आणि कारचे ब्रेक एवढ्या हलक्या गाडीला जास्त तर होणार नाहीत ना?

लोखंडकाम
दादा, आधी आकडे बघू म्हणजे निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. ७०० किलोची गाडी ८ टक्के उतारावर खाली ढकलते ती साधारण ५६ किलोच्या जोराने. त्यातला १० ते १२ किलो चाकांच्या घर्षणातच जातो. म्हणजे ब्रेकने धरायचा जोर उरला ४५ किलोच्या आसपास, बस्स. मागच्या आसावर ४०० किलो वजन धरलं तर ओल्या डांबरावरसुद्धा रबर १५० किलोपर्यंत सहज धरतं. त्यामुळे या उतारासाठी मागची दोन चाकं पुरून उरतात, चारही चाकांना ब्रेक द्यायची गरजच नाही.

आता खरी गोष्ट. कारचा ब्रेक डिझाइन करताना मुख्य चिंता असते वेगातून थांबायची, आपली चिंता वेगळी आहे, आपल्याला गाडी उतारभर धरून ठेवायचीय. १५ च्या स्पीडला दुडकी चालणारी तुमची गाडी एकदा पूर्ण थांबवली तर साधारण ६ किलोज्यूल उष्णता होते. पण तोच एक किलोमीटर उतार धरून उतरलात तर साडेचारशे किलोज्यूलच्या आसपास, म्हणजे एका उतारात सत्तर-पंच्याहत्तर वेळा थांबल्याएवढं काम. ताशी ८ किलोमीटरने उतरताना दोन ब्रेकमधे मिळून साधारण १००० वॅट, एक कपड्यांची इस्त्री सतत चालू ठेवल्यासारखं. ड्रमला एवढं जमतं, घाबरायचं कारण नाही, पण एक लक्षात ठेवा की तुमचं चाक मिनिटाला ४०-४५ फेरेच फिरतं त्यामुळे कारसारखा वारा लागून ब्रेक थंड होणार नाही. म्हणून अगदी छोटे ड्रम नकोत. छोट्या कारचे मागचे ड्रम, १८० ते २०० मिमीचे, बरोबर बसतात.

"कारचे ब्रेक जास्त होतील का" हे बहुतेकांना वाटतं पण हिशोब उलटा आहे. चाक १ मीटरचं आणि ड्रम २०० मिमीचा, म्हणजे जमिनीवर १ किलो धरायला ड्रमच्या आत ५ किलो धरावं लागतं. कारच्या चाकाला हे प्रमाण तीनच्या आसपास असतं. त्यामुळे ब्रेक अति जोरदार होण्यापेक्षा पेडल दाबून पाय दुखायची शक्यता जास्त, पेडलचा लिव्हर नीट लांब घ्या, ६ ला १ च्या आसपास.

मोटारसायकलचा पुढचा डबल कॅम ड्रम मात्र घेऊ नका. त्याचे दोन्ही शू (ड्रमला आतून घासून धरणारे अर्धगोल तुकडे) गाडी पुढे जातानाच स्वतःहून आवळतात, गाडी चढावर मागे घसरायला लागली की तोच ब्रेक ढिला पडतो. कारच्या मागच्या ड्रममधे एक शू पुढच्या दिशेला आवळतो आणि एक मागच्या, दोन्हीकडे सारखं धरतो.

उतारवाट
बापरे, हे इस्त्रीचं गणित कधी डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद. म्हणजे ड्रम थेट लाकडी चाकाच्या तुंब्याला, म्हणजे मधल्या हबला, बोल्ट केला की झालं?

लोखंडकाम
नाही नाही, तिथेच थांबा, हे फार महत्त्वाचं आहे. तुमचा आत्ताचा ठोकळा चाकाच्या कडेला धरतो, त्यामुळे आऱ्यांवर पीळ येतच नाही. ब्रेक तुंब्यापाशी नेला की सगळा जोर तुंब्यातून आऱ्यांमधून रबरापर्यंत जाणार, प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की आरे पिळले जाणार आणि काही दिवसांनी सांध्यात खेळ यायला लागणार. आधी बारीक किरकिर येते, मग आरा जिथे तुंब्यात शिरतो तिथे रंगाला चीर पडते. ती चीर दिसली की चाक काढाच. त्यावर उपाय जुना आहे, सुरुवातीच्या मोटारींना लाकडी चाकं होती तेव्हा आऱ्यांच्या मुळाशी आत-बाहेर दोन लोखंडी तबकड्या लावून बोल्ट आरपार घालायचे आणि ड्रम आतल्या तबकडीला. तसंच करा. आरे वाळून ढिले झाले असतील तर आधी चाक दुरुस्त करून घ्या, नंतर ब्रेक.

दुसरं, ड्रमची मागची प्लेट आसाला धरायची तर वेल्डिंग करू नका. जुना घडीव आस तापवला की त्याची ताकद कुठे गेली ते बाहेरून कळत नाही. यू बोल्टने क्लॅम्प करा. आणि तुमचे पाटे, म्हणजे स्प्रिंगा, कसे आहेत? पूर्ण लंबगोल असतील, वरखाली दोन कमानी, तर ब्रेक दाबल्यावर आसच पुढे गोल फिरायला बघेल, कारण तसले पाटे पीळ धरत नाहीत. आसापासून चौकटीपर्यंत एक टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारा दांडा, द्या, दोन्ही टोकांना रबर बुश घालून.

लगाम हातात
वरचं सगळं पटलं पण मी जरा घोड्याच्या बाजूने बोलते, कारण ब्रेक बसवला की लोक ब्रीचिंग काढून टाकतात आणि ते फार चुकीचं आहे. ब्रीचिंग म्हणजे पुठ्ठ्यामागून जाणारा पट्टा, गाडी मागे धरायचं घोड्याचं साधन. ब्रेक कितीही भारी असू दे, केबल तुटू शकते, ऑइल गळू शकतं, त्या वेळी तो पट्टा नसेल तर गाडी थेट घोड्याच्या मागच्या पायांवर जाते आणि मग लाथा आणि उधळणं. पट्टा राहू दे आणि नीट बांधा, गाडी चालू असताना पट्टा आणि पुठ्ठ्यामधे हाताचा पंजा जाईल एवढी जागा, जास्त ढिला ठेवला तर गाडी धक्का मारून मग थांबते. दांड्याच्या टोकाचे पट्टे पण बघा, ते लांब असतील तर दांडा आधी पुढे पळतो आणि मग घोड्याच्या मानेला झटका बसतो. तुमची डावीकडची घोडी कान टाकते म्हणताय तर मला आधी तोच संशय येतोय, एका बाजूचा पट्टा लांब राहिला असेल. दोन्ही मोजून बघा.

आणि ब्रेक कसा दाबायचा हे मला डिझाइनइतकंच महत्त्वाचं वाटतं. चढाच्या डोक्यावर, गाडी ढकलायला लागायच्या आधी, हलकेच लावा. ओढायचे पट्टे अगदी लोंबकळू देऊ नका, किंचित ताण राहिला पाहिजे, म्हणजे घोडी ओढतही नाही आणि तिच्यावर ढकलणंही येत नाही, नुसती चालते. उतार संपताना सपाटी लागायच्या आत ब्रेक सोडा नाहीतर तीच घोडी ब्रेकविरुद्ध ओढत राहते. म्हणून मला पायाचं पेडल आवडतं, दोन्ही हात लगामावर राहतात आणि पायाने कमी-जास्त करता येतं. दातेरी लिव्हर गाडी उभी करायला ठेवा, चालताना नको.

अजून एक, ब्रेक किंचाळला तर घोडी बिथरते, आणि ब्रेक लागला की आवाज येतो हे एकदा तिच्या डोक्यात बसलं की पुढे प्रत्येक उताराला घाबरते. लायनिंगच्या (शूवरच्या घासणाऱ्या थराच्या) कडा कानशीने तिरप्या करून घ्या, ड्रमच्या आत ग्रीस अजिबात जाऊ देऊ नका.

चौफेर
मी थोडं वेगळं मत मांडतो. घोडागाडी ड्रायव्हिंगच्या स्पर्धांमधे, मॅरेथॉन फेरीच्या (अडथळ्यांच्या लांब वाटेच्या) गाड्यांना, चारही चाकांना डिस्क असतात आणि बऱ्याचदा पुढच्या-मागच्यांना वेगवेगळी पेडल. डिस्क ओली झाली तरी लगेच पुसली जाते, ड्रममधे पाणी शिरलं की काही वेळ पकड जाते. मूळ तक्रारच ओल्या रस्त्याची आहे ना? मग डिस्कच बऱ्या, आणि पैसे एकदाच घालायचे तर चारही चाकांना का नको?

लोखंडकाम
चौफेर भाऊ, डिस्क चांगल्या हे मान्य, पण त्या गाड्यांना पोलादी चाकं असतात, हब त्याच हिशोबाने बनवलेले असतात आणि पुढचा सगळा सांगाडा मजबूत असतो. इथे लाकडी चाक आहे. ड्रम आतून झाकलेला असतो, साध्या पावसात पाणी शिरत नाही, ओढ्यातून गाडी घालणार असाल तर गोष्ट वेगळी.

पुढच्या चाकांचं कारण मात्र नीट समजून घ्या. घोडागाडीचा पुढचा आस अख्खाच्या अख्खा मधल्या खिळीवर फिरतो, कारसारखी चाकं जागच्या जागी वळत नाहीत. आता समजा पुढच्या डाव्या चाकाने उजव्यापेक्षा जास्त धरलं, तर तो जोर मधल्या खिळीपासून दोन-अडीच फुटांवर लागतो, आस डावीकडे वळायला बघतो आणि दांडा डावीकडच्या घोडीच्या अंगावर जाऊन आदळतो. हा फटका घोडीला, तोही उतारावर, आणि तिला तो का बसला ते कळत नाही. मागच्या आसाला डावं-उजवं थोडं कमी-जास्त झालं तरी तो चौकटीला धरलेला असतो, दांड्यापर्यंत फारसं काही पोचत नाही. पुढे ब्रेक द्यायचाच तर दोन्हीकडे अगदी सारखा धरेल असाच द्यावा लागतो आणि तो तसा राहील याची काळजी कायम घ्यावी लागते. या गाडीला मी देणार नाही.

चौफेर
दांड्याचा मुद्दा बरोबर आहे, मी चौकटीच्या बाजूने विचारच केला होता फक्त. मागेच ठेवा मग. हायड्रॉलिकबद्दल मात्र सांगतो. बग्गीत मास्टर सिलेंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) पायाखाली येतो, आणि चाकं एवढी मोठी की ड्रम त्याच्या बरोबरीला किंवा वरच असतो. मग ऑइल हळूहळू मागे उतरतं आणि पहिलं पेडल पोकळ जातं. ड्रमसाठी लाइनमधे १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनमधे थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह, टाका (डिस्क असती तर २ चा), पेडल लगेच हाताशी, म्हणजे पायाशी येतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, दोन वर्षांनी बदला. अमेरिकेतले आमिश लोक (मोटारी न बाळगणारा एक ख्रिस्ती पंथ) रोज बग्गी वापरतात, त्यांच्याकडे हायड्रॉलिक ड्रम ब्रेक सर्रास आहेत, म्हणजे पद्धत टिकाऊ आहे. पण हायड्रॉलिकवर गाडी उभी करून ठेवू नका, प्रेशर हळूहळू उतरतं. कारच्या मागच्या ड्रममधे हँडब्रेकची केबल असतेच, ती तुमच्या जुन्या दातेरी लिव्हरला जोडा. पेडलची लाइन फुटली तरी ही केबल वेगळी राहते, म्हणजे दुसरा ब्रेक आपोआप मिळाला.

जुनी चाकं
विषय आवडीचा म्हणून थोडी जुनी माहिती. लोखंडी धाव असलेल्या जड गाड्यांना उतारावर चाकाखाली लोखंडी पादुका घालायचे, साखळीने गाडीला बांधलेली. चाक फिरायचं थांबतं आणि पादुका जमिनीवर घासत जाते, म्हणजे धाव एका जागी झिजून चपटी होत नाही. खाली पोचल्यावर गाडी थोडी मागे घ्यायची की पादुका निघते. अमेरिकेत पश्चिमेकडे जाणाऱ्या वॅगनवाल्यांना नेब्रास्कातल्या विंडलास हिलवर चाकं साखळीने बांधून, वर मागून माणसांनी दोर धरून गाड्या उतरवाव्या लागल्या. १८४६ मधे ओरेगॉनमधे बार्लो रोड सुरू झाला, त्यावरच्या लॉरेल हिलला तर गाडीमागे अख्खी झाडं बांधून ओढत न्यायचे. हे सगळं चाक लॉक करायचं तंत्र आहे, माती-दगडाच्या रस्त्याचं, डांबरावर सॉलिड रबराला कुणी करू नका.

त्यातली एक गोष्ट मात्र आजही कामाची आहे. चढावर मागच्या चाकामागे एक लाकडी रोलर साखळीने ओढत न्यायचे, घोडे दम घ्यायला थांबले की गाडी बोटभर मागे येऊन रोलरवर टेकते. घोड्यांना गाडी धरून उभं राहावं लागत नाही.

उतारवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. लगाम हातात ताई, आज जाऊन दांड्याचे पट्टे मोजले, डावीकडचा उजव्यापेक्षा दोन भोकं लांब निघाला. तो सारखा केला. ब्रेकचं ठरलं, मागे कारचे ड्रम, दोन तबकड्यांमधे, हायड्रॉलिक पेडल आणि केबलचा हँडब्रेक, पुढे काही नाही. ब्रीचिंग राहणार. पाटे पूर्ण लंबगोलच आहेत त्यामुळे टॉर्क आर्म पण. आता घोड्या जोडायच्या आधी टेस्ट कशी करू?

लोखंडकाम
घोड्या लांब बांधून ठेवा. आधी मागचा आस जॅकवर घ्या, चाकाच्या कडेला दोरी गुंडाळून स्प्रिंगचा काटा लावा, कुणालातरी पेडल एकसारखं दाबून धरायला सांगा आणि चाक सरकतं तेव्हा काटा काय दाखवतो ते डावी-उजवीकडे बघा. फरक फार असेल तर शू ॲडजस्ट करा. मग गाडीत वाळूची पोती भरून ७०० किलो करा, ब्रेक दाबून सपाटीवर गाडी दुसऱ्या गाडीने ओढा, मधे काटा. १०० किलोपर्यंत मागची चाकं न फिरता धरली पाहिजेत, म्हणजे तुमच्या उताराच्या दुप्पट. तसंच उलट दिशेला. शेवटी त्याच वजनाने उतारावर, मागून दुसऱ्या गाडीला दोर बांधून, ब्रेक लावत एकदा पूर्ण खाली या आणि लगेच दोन्ही ड्रम बघा, हात लावू नका, पाण्याचे थेंब टाका. एकावर चुर्र झालं आणि दुसऱ्यावर नाही तर परत जॅकवर घ्या.

लगाम हातात
आणि पहिल्या दिवशी घोड्यांना रिकामी गाडी द्या, छोट्या उतारावर, ब्रेक जरा आधीच लावून. डावीकडचीचे कान बघत राहा आणि इथे कळवा.