हायलँड बॅगपाइपवर नाताळच्या चाली: आधी पट्टी पाहा

‘जिंगल बेल्स’ जमतं, मग ‘जॉय टू द वर्ल्ड’ बेसूर का लागतं, याचं उत्तर चँटरच्या, म्हणजे बोटांनी चाल वाजवायच्या नळीच्या, नऊ सुरांत आहे. ड्रोनचा, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांचा, सूर (ए) सा धरला तर हाती येतात खालचा कोमल नी, मग सा रे ग म प ध, कोमल नी आणि वरचा सा. म्हणजे सरळ खमाज थाट. ‘जॉय’ची पहिलीच ओळ सां नी ध प म ग रे सा अशी उतरते आणि तिला शुद्ध नी लागतो. तो इथे नाहीच.

म्हणून शुद्ध नी लागणाऱ्या इतर चालींसाठी सा डी-वर न्या. आता मंद्र पंचम ते मध्य पंचम शुद्ध सूर मिळतात, ड्रोन पंचमाच्या तंबोऱ्यासारखा राहतो. ‘गुड किंग वेन्सेस्लास’ यात तंतोतंत बसतं. ‘ऑल्ड लँग साइन’ला मात्र वरचा ध हवा, तिथे पंचमावरच थांबावं लागतं. ‘सायलेंट नाइट’ नऊ सुरांत मावतच नाही, ते सोडा.

‘जिंगल बेल्स’मधले सलग तीन ‘ग’ (चँटरवर एफ) वेगळे ऐकू यायला प्रत्येकावर जी-ग्रेसनोट (सुराआधी निसटता लावलेला वरचा जी) हवीच. हवा थांबत नाही, त्यामुळे ग्रेसनोट राहिली की तिन्हींचा एकच लांब सूर होतो.

बाहेर थंडीत वाजवायचं तर पट्टी उतरते. तिथेच दहा मिनिटं वाजवून मग ड्रोन जुळवा. गार लाकडात उबदार, दमट श्वास गेला की तडा जाऊ शकतो. उघड्यावर प्लॅस्टिकचा संच बरा.