मूतखडा झालेल्या मुलाच्या आईला आहार कसा समजावावा?

वॉर्डसिस्टर_खानदेश
मी बालरुग्ण कक्षात परिचारिका आहे. मूतखड्याच्या मुलाला घरी सोडताना आईच्या हाती जो छापील कागद दिला जातो, त्यावर टोमॅटो, पालक, वांगे, दूध, शेंगदाणे अशी केवळ वर्ज्य पदार्थांची यादी असते. आया ती इतक्या निष्ठेने पाळतात की पाच-सहा वर्षांच्या मुलाचे दूध महिनोन्महिने बंद राहते. दूध खरोखरच तोडावे का, आणि फारसे शिक्षण न झालेल्या आईला थोड्या वेळात नेमके काय सांगावे?

आहारतज्ज्ञ_बालविभाग
ताई, दूध तोडू नये. मुलांमधील बहुतेक खडे कॅल्शियमचे असतात म्हणून हा समज पसरला आहे. परंतु जेवणातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला (पालकासारख्या भाज्यांतील, कॅल्शियमशी मिळून खडा बनवणाऱ्या घटकाला) बांधून शौचावाटे बाहेर नेते, आणि दूध बंद केल्यास तेच ऑक्झलेट मोकळे राहून लघवीत उतरते. इटलीत प्रौढ पुरुषांवर झालेल्या आणि 2002 साली प्रसिद्ध झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात, कमी कॅल्शियम घेणाऱ्या 60 जणांपैकी 23 जणांना पुन्हा खडा झाला, तर पुरेसे कॅल्शियम पण मीठ व मांसाहार कमी घेणाऱ्या 60 पैकी 12 जणांनाच झाला. वाढत्या वयात तर हाडांसाठीही दूध हवेच. डाळ आणि अंडेही बंद करू नये.

माझ्या मते त्या कागदावर सर्वांत वर मीठ हवे होते. मीठ जास्त झाले की मूत्रपिंडे सोडियमबरोबर कॅल्शियमही अधिक बाहेर टाकतात. म्हणून आईला प्रथम पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स आणि दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटांबद्दल विचारा. ताटात वरून मीठ घेण्याची सवयही याच वेळी निघते. पालक, चुका, चाकवत, अळू आणि राजगिऱ्याच्या पाल्यात ऑक्झलेट बरेच असते, तेव्हा या भाज्या क्वचित, उकडून पाणी टाकून आणि दह्यासोबत द्याव्यात. मेथी, कोबी, दुधी यांवर बंदी नको. टोमॅटोच्या बियांचा खडा होत नाही. त्यात ऑक्झलेट फार नसते.

दोन_मुलांची_आई
माझ्या मुलीला खडा झाला होता, म्हणून लिहिते. आम्हाला ‘भरपूर पाणी पाजा’ असे सांगण्यात आले, पण ती शाळेतून भरलेली बाटली तशीच परत आणत असे, कारण तिथले स्वच्छतागृह अस्वच्छ असल्याने तिला लघवीला जायचेच नव्हते. वर्गशिक्षिकेशी बोलल्यावर हा प्रश्न सुटला. कृपया आईला शाळेतील वेळेबद्दल अवश्य विचारा, कारण दिवसाचे निम्मे पाणी तिथेच बुडते.

आहारतज्ज्ञ_बालविभाग
अगदी योग्य मुद्दा. ‘भरपूर’ या सल्ल्याने आईला काहीच कळत नाही. वीस किलोच्या मुलाला दिवसभरात साधारण दीड लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक, आणि झोपण्यापूर्वीही पाणी, असे घरातील तांब्या किंवा बाटली दाखवून सांगावे. मूत्रपिंडाचे कार्य मंद असल्यास मात्र हे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. लघवी फिकट दिसली पाहिजे, ही खूण कोणतीही आई ओळखते. लिंबातील सायट्रेट हा घटक खडा बनण्यास अडथळा आणतो, म्हणून लिंबू उपयोगी आहे, पण सरबतात आपण साखर आणि मीठ दोन्ही घालतो, म्हणून नुसत्या पाण्यात लिंबू पिळावे.

निवृत्त_परिचारिका
यादी वाचून दाखवण्याऐवजी ‘काल सकाळपासून बाळाने काय काय खाल्ले?’ एवढे विचारा, त्यातील दोनच गोष्टी बदला आणि त्या तिच्याच तोंडून वदवून घ्या. शक्य असल्यास आजीला किंवा वडिलांनाही बसवावे, कारण पाकिटे बहुधा तेच आणून देतात. पडलेला खडा जपून तपासणीला आणायलाही सांगा: सिस्टीन (प्रथिनांचा एक घटक) लघवीत साचून होणाऱ्या खड्यासारख्या आनुवंशिक खड्यात पाणी आणखी वाढवावे लागते, औषधेही लागतात, आणि तिथे पालक टाळून काही साधत नाही. ताप, सतत उलट्या किंवा लघवी बंद झाल्यास घरी थांबू नये, हेही त्याच बैठकीत सांगावे.

वॉर्डसिस्टर_खानदेश
सर्वांचे आभार. कुळथाच्या कढणाबद्दल जवळजवळ प्रत्येक आई विचारते. त्याला काय उत्तर द्यावे?

आहारतज्ज्ञ_बालविभाग
मीठ बेताचे घालून खुशाल द्यावे, ते पातळ अन्नच आहे. मात्र त्याने खडा विरघळेल म्हणून सोनोग्राफीची पुढची तारीख चुकवू नये.