काखेतली गाठ दुखत नाही, म्हणून थांबायचं का? (सासूबाई, वय ५८)

मंडळी, जरा मदत हवी आहे. विषय सासूबाईंचा आहे, त्यांना विचारूनच लिहितेय. ("लिही की, मला काय धाड भरलीया" असं उत्तर मिळालं.)

त्या सांगलीकडे गावी असतात, आम्ही पुण्यात. सव्वा महिन्यापूर्वी वांगी तोडताना उजव्या अंगठ्यात काटा मोडला. नखाच्या कडेला पू झाला आणि तिसऱ्या दिवशी त्याच बाजूच्या काखेत गाठ आली. आमच्याकडे याला अवधाण म्हणतात. हाताला जखम झाली की काखेत, पायाला झाली की जांघेत. आंबेहळदीचा लेप झाला, गावातल्या डॉक्टरांचं पाच दिवसांचं अँटिबायोटिकही झालं. अंगठा बरा झाला, ठणका गेला. गाठ तिथंच आहे.

रविवारी न्हाणीघरात त्यांनी दाखवली. चिंचोक्याएवढी, जरा जाडच. बोटाखाली सरकते, दाबली तरी दुखत नाही. शेजारी आणखी एक बारीक आहे असं मला वाटलं. ताप नाही, खोकला नाही. वजनाचं सांगता येत नाही, घरात काटा आहे तो धान्याचा. पण दिवाळीला शिवलेलं ब्लाऊज दंडात सैल झालंय, हे त्यांनीच बोलता बोलता सांगितलं.

त्यांचं म्हणणं, "ठणकत हुती तवा भ्या हुतं. आता दुखत न्हाई म्हंजे बरी हाय की."

कुणाला दाखवू? अजून थांबलं तर चालेल का?

चिमणचारा: माझ्या लेकीला बीसीजीच्या लशीनंतर डाव्या काखेत बोराएवढी आली होती. काही न करता गेली. पण ती तान्ही होती, इथे ५८ वय आहे. दाखवाच.

टाकेवाला: सर्जन आहे, पण न तपासता निदान करणार नाही.

आईंचं गणित उलटं आहे. ठणकणारी गाठ बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असते, आणि जखम भरली की दोन ते चार आठवड्यांत बारीक होत जाते. महिना उलटल्यावरही एक सेंटीमीटरपेक्षा मोठी राहिलेली, न दुखणारी गाठ दाखवायचीच. ती कडक असेल, खाली चिकटल्यासारखी असेल, वाढत असेल, किंवा सोबत संध्याकाळचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम, घटणारं वजन असेल तर आजच निघा. सरकते हे बरं लक्षण, पण त्यावर विसंबू नका. खरं सांगू का, मला गाठीपेक्षा ब्लाऊज जास्त खटकलं.

काखेतल्या ग्रंथींकडे हातासारखंच स्तनाकडूनही लसिकेचं पाणी येतं. त्यामुळे या वयात स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) आणि काखेची सोनोग्राफी टाळू नका. मग गरज पडली तर गाठीत सुई घालून नमुना घेतात. आपल्याकडे गाठींचा टीबी भरपूर दिसतो. मानेत जास्त, पण काखेतही, आणि त्यात खोकला नसतो. म्हणून नमुन्याचा एक भाग सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीला पाठवायला सांगा. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवायच्या रसायनात) गेला तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, करता येत नाही.

तोवर 'सूज उतरायची गोळी' म्हणून कुणी स्टिरॉइड दिलं तर घेऊ नका. लिम्फोमा (या ग्रंथींचाच कॅन्सर) असेल तर गाठ तात्पुरती विरते आणि निदान लांबतं. आणि रोज चाचपत बसू नका, चाचपूनही ती सुजते.

धागाकर्ती: धन्यवाद डॉक्टर. मॅमोग्राफीचं नाव काढल्यावर आई हटून बसल्या होत्या. शेवटी विचारलं, "म्हशीच्या सडात गाठ लागली तर ती ठणकायची वाट बघता का?" पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "बाई मानूस असंल तरच."

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी): मॅमोग्राफी साफ आली. सोनोग्राफीत दोन गाठी, मोठी १.८ सेंटीमीटरची. सुईच्या नमुन्यात टीबी निघाला. काटा निमित्त झाला म्हणायचा, एरवी काखेत कोण बघतंय. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. सहा महिन्यांच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळताहेत. परवा सकाळी सकाळी फोन, लघवी केशरी झाली म्हणून. गोळ्यांमुळे होते हे मला केंद्रातल्या ताईंनी आधीच सांगितलं होतं, मीच त्यांना सांगायला विसरले.

एकच विचारायचंय, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सुट्टीत आजीकडे न्यायचा की नाही?

टाकेवाला: फुप्फुसात नसेल तर गाठीतला टीबी श्वासातून पसरत नाही. न्या. आणि औषध चालू असताना मध्येच गाठ जरा फुगली तर गोळ्या बंद करू नका, आधी केंद्रात दाखवा.