मदत हवी: मस्की बोटीपर्यंत येतो, पण गळाला लागत नाही

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेत मिनेसोटात, ट्विन सिटीजजवळ (मिनिआपोलिस-सेंट पॉल) राहतो. गावी नदीवर मरळ धरायचो. इथे बास आणि वॉलाय हे मासे बरे जमतात. यंदा जूनमध्ये हंगाम उघडल्यापासून मिनेटोंका तलावावर मस्कीच्या, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मोठ्या शिकारी माशाच्या मागे आहे. ८० पौंडी ब्रेडेड दोरी, १०० पौंडी फ्लोरोकार्बन लीडर (दोरी आणि आमिष यांमधला मजबूत तुकडा), मोठं जाळं, लांब पक्कड, हुक कापायचा कटर, सगळं जमवलंय.

पाणवनस्पतींच्या कडेने बकटेल (केसांचा झुपका लावलेलं फिरतं आमिष) फेकतो. मासा मागे मागे येतो, बोटीजवळ हातभर खोल स्पष्ट दिसतो आणि तिथूनच खाली निघून जातो. फिगर-एट करतो, म्हणजे बोटीजवळ रॉडने पाण्यात आमिष इंग्रजी 8 सारखं फिरवतो, पण पहिल्याच वळणावर तो सुटतो. वळण किती मोठं घ्यायचं? वेग कमी करायचा की वाढवायचा?

दुसरं असं, की जुलैअखेर वरचं पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या पुढे गेलं तेव्हा मी मस्की बंद केली. एवढ्या गरम पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. पंधरा-वीस वर्षं वाढलेला मासा माझ्या एका फोटोसाठी जावा, हे मला मुळीच पटत नाही. ५४ इंचांखालचा तर ठेवताच येत नाही, पण त्याहून मोठा लागला तरी मी सोडणारच. आता पाणी निवतंय. १ डिसेंबरला हंगाम संपेपर्यंत कुठे आणि कसं शोधावं? मिसिसिपी नदीवर, सेंट क्लाउड शहराच्या खालच्या पट्ट्यात जाण्यात अर्थ आहे का?

प्रतिसाद

तुमचा जुलैचा निर्णय अगदी बरोबर. आणि मासे मागे येतायत म्हणजे जागा बरोबर सापडली आहे, ती सोडू नका.

वेग वाढवा. बहुतेक जण मासा दिसला की थबकतात, तिथेच तो जातो. आमिष बोटीपासून आठ-दहा फुटांवर असतानाच रॉडचं टोक पाण्यात घाला, लीडर टोकापासून फूट-दीड फूट राहू द्या आणि न थांबता वळा. वळण रुंद हवं. चार फुटांचा मासा अरुंद वळणात वळूच शकत नाही. वळणावर आमिष थोडं खोल न्या, मग वर आणा. मासा दिसो न दिसो, प्रत्येक फेकीनंतर हे कराच, कारण गढूळ पाण्यात तो दिसतच नाही. न लागलेल्या माशाची जागा लक्षात ठेवा आणि सूर्य मावळताना किंवा चंद्र उगवताना तिथे परत जा.

सप्टेंबरभर वनस्पतींच्या हिरव्या कडा सोडू नका. पिवळ्या पडून कुजणाऱ्या जागी वेळ घालवू नका. पुढे वरचं पाणी थंड होऊन तळाच्या पाण्यात मिसळतं, त्या टर्नओव्हरच्या दिवसांत तलावात मासा लागणं फार अवघड होतं. नदीचं पाणी मुळातच ढवळलेलं असतं, म्हणून नेमके तेच दिवस मिसिसिपीला द्या. बेटांच्या खालच्या टोकाचे डोह, मोठ्या दगडांमागचं संथ पाणी, मुख्य धारेची कड, इथे फेका. शरदात पाणी उतरलेलं असतं आणि खडक वर आलेले असतात, तेव्हा मोटर सांभाळा.

नोव्हेंबरात मिल लॅक्ससारख्या तलावांत टलिबी मासे अंडी घालायला खडकाळ उथळावर येतात. मोठ्या मस्की त्यांच्या मागोमाग, जवळच्या खोल कडेला थांबतात. तिथे मोठं रबरी आमिष अगदी हळू ओढा. जिवंत सकर मासा आमिष म्हणून लावणार असाल तर क्विक-स्ट्राइक रिगच (लगेच हिसका देता यावा अशी हुकांची मांडणी) वापरा आणि लगेच हिसका द्या. मासा आमिष गिळेपर्यंत थांबलात तर हुक पोटात जातो आणि मासा जगत नाही.

तुमच्या बोटीवर सोनार आहे का? आणि संध्याकाळी किती वाजेपर्यंत पाण्यावर असता? त्यावरून मिनेटोंकावर सुरुवात कुठून करावी ते सांगता येईल.