पुस्तकाच्या निमित्ताने काय काय खाल्लंत? (अनुभव धागा)

तिसरा_मजला
काल लेकीचा डबा घासायला घेतला तर चाटूनपुसून साफ. रात्री उरलेली भाजी स्वतः पानात घेतली तेव्हा कळलं, मीठच घातलं नव्हतं. पोरगी एका शब्दाने बोलली नाही. (मैत्रिणीने खाल्ली असेल, तेही शक्य आहे.) आणि एकदम माहीमच्या जुन्या बिल्डिंगमधला वाचनकट्टा आठवला.

2007 ची गोष्ट. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं आणि पुस्तकातला एखादा पदार्थ करून न्यायचा. 27 फेब्रुवारीला मराठी दिन म्हणून 'श्यामची आई' घेतलं. तळमजल्यावरच्या काकूंनी लाल माठ केला. पितळी पातेलं, वरून लसणाची फोडणी, जिन्यापर्यंत वास! पहिला घास घेतला तर अळणी. मी शेजारणीकडे बघितलं, तिने माझ्याकडे. 'अळणी भाजी'चं प्रकरण (आई मीठ विसरते आणि घरचे मुकाट खातात) सगळ्यांना पाठ. म्हटलं, काय डोकं चालवलंय काकूंनी! अकरा जणांनी मुकाट भाजी खाल्ली, दोघांनी तर मागून घेतली. सगळ्यांचं झाल्यावर काकू बसल्या, घास तोंडात घातला आणि "अगं बाई, मीठ!" करून कपाळावर हात. पुढे पुस्तकावर कोणी अक्षर बोललं नाही, नुसते ठसके.

तुमचंही लिहा.

गॅलरीतला
मी पुस्तक न वाचता जाणाऱ्यांपैकी. लालबागला आमच्या मजल्यावर 'बटाट्याची चाळ' ठेवली आणि घरटी एक बटाटा आला. वडे, काचऱ्या, किस, रस्सा, पोह्यातही बटाटाच. एकाने वेफर्सचं पाकीट आणलं, त्याचा उद्धार अजून चालू आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या रांगेबद्दल लिहीत नाही, चाळीत राहिलेल्यांना कळलं असेल.

बदलापूर_फास्ट
@गॅलरीतला 😂😂
आमचा शेजार म्हणजे लेडीज डबा. पुस्तक एक, बायका सहा. बसलेलीने वाचायचं, उभ्या असलेल्यांना गोष्ट सांगायची. ठाण्याला उठून जागा द्यायची ती पुस्तकासकट. शुक्रवारी डबे उघडायचे. एका कादंबरीत ऐन मरणाच्या पानावर माझं हळदीचं बोट उमटलंय. घाटकोपर आलं, बाकीचं नंतर

सुगरण_नाही
लाल माठ हल्ली चांगला कुठे मिळतो? आमच्याकडचा शिजून चमचाभर होतो.

गॅलरीतला
वसईवाल्यांकडे बघा. आणि तो सगळीकडेच चमचाभर होतो, दोन जुड्या घ्या.

वडाळ्याची_नात
आमच्या सोसायटीत 'बलुतं' ठेवलं होतं. दया पवारांचं 1978 चं दलित आत्मकथन, बहुतेकांनी पहिल्यांदाच हातात घेतलेलं. ग्रुपवर सगळे गप्प. भुकेच्या पुस्तकाला काय करून न्यायचं? एक ताई म्हणाल्या, या वेळी नुसता चहा ठेवू. मलाही आधी तेच बरं वाटलं. मग आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या खाण्याची त्यांना कसली लाज? घेऊन ये त्यांना इकडं." तिने मटणाच्या पट्ट्या मीठ-हळद लावून गच्चीत दोन दिवस वाळवल्या. त्या चान्या आणि बाजरीची भाकरी. तव्यावर भाजताना वास आला तशी खिडकीशी बसलेली एक जण उठून बाहेर गेली. आजी काही बोलली नाही. अर्ध्या तासाने ती परत आली आणि नुसती भाकरी खाल्ली. चवीचं सांगायचं तर चिवट, खारट, दाताशी भांडण. आजी सांगत होती, आम्ही चावत होतो. आता ती दर महिन्याला विचारते, "पुस्तकवाल्या कधी येणारेत?"

तिसरा_मजला
आजींना नमस्कार सांग गं. आणि बाहेर जाऊन आलेल्या बाईंचंही मला कौतुक वाटलं, का ते नीट सांगता येत नाही.

नवीन_सून
पुस्तकं विकत घ्यायचात का सगळे? आमच्या इथे सुरू करायचंय, पण लिफ्ट नाही आणि निम्मे सदस्य गुडघेवाले.

तिसरा_मजला
'श्यामची आई' घरोघरी होतंच. बाकीची दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयातून, 1898 पासूनचं आहे ते. एकच प्रत मिळायची, मग दोन-दोन रात्री एकेका घरी. गुडघेवाल्यांच्या घरीच जमा, प्रश्न मिटला.

मागची_खोली
हा धागा बहिणीने पाठवला. माहीम, पितळी पातेलं म्हटल्यावर ओळखलंच! अगं, काकू विसरल्याबिसरल्या नव्हत्या. मी त्यांच्या ओट्याशी ताक घुसळत होते. त्यांनी मीठ चिमटीत घेतलं, पातेल्याकडे बघितलं आणि परत बरणीत टाकलं. मला म्हणाल्या, "बोलायचं नाही."

तिसरा_मजला
काय!!!! इतकी वर्षं??

बदलापूर_फास्ट
आले परत. हे काय झालं मधे?

गॅलरीतला
काकूंना विचारा की थेट.

तिसरा_मजला
लावला फोन. पुण्याला लेकीकडे असतात, आता ऐंशीच्या पुढे. सगळं ऐकून घेतलं, खूप हसल्या आणि म्हणाल्या, "कुठली गं भाजी?" मागून मिक्सर चालू होता. पुढचं काही ऐकू आलं नाही.

सुगरण_नाही
दोन जुड्यांचीही वाटीभरच झाली.