सांगलीची हळद आता वसमतची झाली का?

प्रश्न (कोथरूड): आमच्या घरी हळद म्हणजे सांगलीची राजापुरी, हे वर्षानुवर्षे ठरलेले होते, मात्र यंदा मार्केट यार्डाच्या भुसार बाजारात हळकुंडे घ्यायला गेले असता व्यापाऱ्यांनी मराठवाड्यातल्या वसमतचा माल पुढे केला. हळदीचे पीक खरोखरच मराठवाड्याकडे सरकले आहे का?

उत्तर (हडपसर): होय, लागवड सरकली आहे, सांगलीचे नाव आज मुख्यतः तेथील बाजारपेठेमुळे टिकून आहे. 2022-23 मध्ये देशात सुमारे 3.24 लाख हेक्टरांवर 11.61 लाख टन हळद पिकली आणि त्यात महाराष्ट्र आघाडीवर होता. माझे सासर वसमतजवळ आहे. ठिबक आल्यापासून तिथे गादीवाफ्यांवर सेलम जातीच्या हळदीची लागवड वाढली; परंतु नऊ महिने पीक सांभाळून, कंद शिजवून, उन्हात वाळवून शेवटी ओल्या मालाचा जेमतेम पाचवा हिस्सा हाती येतो, हे शहरातल्या ग्राहकांनी भाव करताना लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

उत्तर (सदाशिव पेठ): सांगलीजवळच्या हरिपूरची पेवेही आठवावीत. जमिनीखालच्या त्या कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता टिकत असे. 2005 च्या महापुरात त्यांतील बरीचशी निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये आणि वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

प्रश्नकर्ती: दोघांचेही आभार. आणलेले हळकुंड मोडून पाहिले, आतून गर्द केशरी निघाले. यंदा वसमतचीच दळून आणते.