लष्करी पेन्शनचे कागद तपासून देणारा माणूस सुचवा (वानवडी, बजेट दोन हजार)

वानवडीची_सून
नमस्कार मंडळी. सासरे लेफ्टनंट कर्नल. कमिशन जून १९६८, निवृत्ती मार्च १९९९. यंदा मार्चमध्ये ८० पूर्ण झाले. घरात पीपीओच्या (पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या) चार वेगवेगळ्या प्रती, बँकेची जुनी पासबुकं आणि कागदांनी भरलेली एक काळी ट्रंक आहे. सोसायटीच्या बाकावर रोज कोणीतरी "आठव्या वेतन आयोगात पेन्शन तिप्पट" असं सांगून जातं. मग बाबा रात्री अकरापर्यंत वहीत आकडेमोड करतात आणि सकाळी चहाबरोबर मला प्रश्न विचारतात. मी मराठीची शिक्षिका आहे हो.

आत्ता मिळते ती पेन्शन बरोबर आहे का, आणि पुढे अंदाजे किती वाढेल, एवढंच हवंय. माणूस घरी येणारा हवा, बाबांना जिना झेपत नाही. फी दोन हजारांपर्यंत.

कोथरूडचा_काका
दोन हजारात आजकाल नळ दुरुस्त करणाराही येत नाही. सरळ वकील करा. सैन्य न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे. माझ्या साडूंनी केस लावली, चाळीस हजार गेले, पण तत्त्वाचा प्रश्न होता.

पिंगळी
काका, त्यांनी केस कुठे लावायची म्हटलंय? आणि साडूंना मिळाले का पैसे?

कोथरूडचा_काका
तारीख पडली आहे.

जुना_तोफची
आयोगाचं नाव काढलंत म्हणून सांगतो. १९८६ ला चौथ्या आयोगाने आम्हाला रँक पे (हुद्द्यासाठी वेगळी रक्कम) दिला आणि सरकारने बेसिक ठरवताना तेवढीच रक्कम आतून कापली. उजव्या हाताने दिलं, डाव्याने घेतलं. केरळात एक मेजर कोर्टात गेला म्हणून बाकीच्यांना कळलं. सुप्रीम कोर्टाचा निकाल २०१२ मध्ये लागला, सव्वीस वर्षांनी. तोवर आमच्या कोर्समधले किती जण गेले. तुमच्या सासऱ्यांनाही तो लागू होता, थकबाकी आली होती का विचारा. त्यांची रेजिमेंट कोणती?

क्रेटावाला_बाणेर
आमच्या बाबांना ओआरओपीची (वन रँक वन पेन्शन, म्हणजे समान हुद्दा आणि सेवेला समान पेन्शन) थकबाकी आली ती आम्ही गाडीच्या डाऊन पेमेंटला लावली. पांढरी, सनरूफवाली. एजंटबिजंट काही केला नाही, आपोआप आली. तुमचीही येईल.

हिशेबी
ताई, पैसे देण्याआधी एवढं वाचा. तिप्पट वगैरे विसरा.

सातव्या आयोगाचा २.५७ हा गुणक (जुनी मूळ पेन्शन गुणिले २.५७) सगळ्यांना पाठ असतो, पण त्यात काय होतं ते कोणी सांगत नाही. ३१ डिसेंबर २०१५ ला १०० रुपये मूळ पेन्शन असेल तर १ जानेवारी २०१६ ला त्यावर १२५ टक्के महागाई सवलत धरली, म्हणजे हातात २२५ आलेच असते. १ जानेवारी २०१६ पासून त्याचे २५७ झाले आणि महागाई सवलत शून्यावर आली. खरी वाढ ३२ रुपये, म्हणजे १४.२२ टक्के. बाकीचे आधीच खिशात होते.

आता तोच हिशेब पुढे न्या. जुलै २०२५ ची ५८ टक्के महागाई सवलत धरा, म्हणजे १०० चे १५८. आठव्या आयोगाने समजा गुणक २ दिला, तर १५८ चे २०० होतील, म्हणजे साधारण साडेसव्वीस टक्के. गुणक किती असेल हे बाकावरचे काकाही सांगू शकत नाहीत आणि मीही नाही. न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या आयोगाची कार्यकक्षा ऑक्टोबर २०२५ च्या शेवटी मंजूर झाली आणि अहवालाला १८ महिने दिलेत. तोवर वहीची पानं वाचवा.

पिंगळी
हे मस्त समजावलंत. नवऱ्याला वाचून दाखवलं, त्याने फॅमिली ग्रुपवर आपल्या नावाने टाकलं.

फातिमानगर_४०
गोळीबार मैदानावरच्या ऑफिसात जा, पाच मिनिटांत काम. आर्मी ऑफिसरांचं सगळं तिथेच असतं.

हिशेबी
नसतं. ते ऑफिस नोकरीतल्या अधिकाऱ्यांचा पगार बघतं. पेन्शनचं काम प्रयागराजहून चालतं आणि आता संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' पोर्टलवर दिसतं. ऐंशीच्या माणसाला उगाच रिक्षात घालून नेऊ नका.

फातिमानगर_४०
मी जवळच राहतो, मला माहितेय.

सदाशिव_पेठी
मूळ प्रश्न "माणूस सुचवा" असा आहे. अद्याप एकाही प्रतिसादात माणूस नाही. नोंद असावी.

आर्टी_वाइफ
माझे मिस्टर २००४ चे कर्नल. ऐंशी पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या वीस टक्के जादा मिळते, ती सुरू झाली का हे आधी बघा! पंच्याऐंशीला तीस, नव्वदीला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभरीला दुप्पट. माझ्या वडिलांची पेन्शन एका बँकेतून यायची, तिथे जन्मतारखेचा महिना चुकीचा पडला होता, सात महिने फुकट भांडलो. आणि सासूबाईंचं नाव व जन्मतारीख पीपीओवर आणि आधारवर एकच आहे का तेही आजच बघा. नंतर कुटुंब पेन्शनच्या वेळी त्या बाईला धावायला लागतं, तेही रडत.

कोथरूडचा_काका
पेन्शन विकली (कम्युट, म्हणजे काही भागाचे एकरकमी पैसे घेतले) असेल तर महागाई सवलत कमी पडते. तेही बघा.

हिशेबी
काका, महागाई सवलत विकण्याआधीच्या पूर्ण मूळ पेन्शनवर मिळते. शिवाय विकलेला भाग पंधरा वर्षांनी परत जोडला जातो. १९९९ ला अधिकाऱ्यांना ४३ टक्क्यांपर्यंत विकता यायची, ती २०१४ च्या आसपास परत यायला हवी होती. पासबुकात त्या वर्षी उडी दिसेल.

एमएसपी_पीडित
मेजर जनरलला मिलिटरी सर्व्हिस पे (एमएसपी, सैन्यसेवेचा जादा पगार) नाही. ब्रिगेडियरला १५,५०० आहे. सातव्याच्या तक्त्यात ब्रिगेडियर १,३९,६०० वर सुरू होतो, मेजर जनरल १,४४,२०० वर. आता एमएसपी मिळवा आणि सांगा कोण वर. या देशात प्रमोशन घेणं हा गुन्हा आहे.

जुना_तोफची
मग घ्यायचं नव्हतं.

पेन्शनर_खडकी
ऑडिटला पस्तीस वर्षं काढली, म्हणून एक बारीक गोष्ट सांगतो. ओआरओपीत हुद्दा आणि सेवेची वर्षं दोन्ही जुळावी लागतात. सरकारी तक्त्यात त्या वर्षांच्या ओळीसमोरचा आकडा तुमचा. जून ६८ ते मार्च ९९ म्हणजे तीस वर्षं आणि नऊ महिन्यांच्या वर. तीन महिने किंवा जास्त उरले की ते पूर्ण सहामाही धरतात, म्हणून यांची ओळ एकतीसची. कुठे ३० किंवा ३०.५ पडलं असेल तर ते २०१४ पासून चालत आलेलं असेल. जुन्या पीपीओवर हुद्द्याप्रमाणे वेटेज (सेवेत धरलेली जादा वर्षं) मिळवून जास्त वर्षं दिसतील, त्यावर जाऊ नका, ओआरओपीला प्रत्यक्ष सेवाच धरतात.

आणि आयोगाचं म्हणाल तर जुन्यांना वाढ दोन टप्प्यांत येते. आयोगाचा गुणक सगळ्यांना लागतो. मग ओआरओपीची फेरी येते: जुलै २०१४, जुलै २०१९, जुलै २०२४. प्रत्येक वेळी आदल्या कॅलेंडर वर्षात निवृत्त झालेल्यांची कमीत कमी आणि जास्तीत जास्त पेन्शन घेऊन सरासरी काढतात. सरासरीच्या वर असाल तर आहे ती राहते. पुढची फेरी जुलै २०२९ ची. तोवर नव्या पगारावर निवृत्त झालेले लोक असतील, तेव्हा कर्नलसाहेबांनी जिना सांभाळून उतरावा.

क्रेटावाला_बाणेर
म्हणजे २०२९ ला अजून एक गाडी 😀

आर्टी_वाइफ
+१ खडकीकर. आणि कोणालाही पैसे देऊ नका ताई, स्पर्शवर लॉगिन करून सगळं दिसतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही फुकट मदत मिळते.

पिंगळी
+१, पैसे देऊ नका. स्पर्शवर दिसतं.

सदाशिव_पेठी
हेच वरती लिहिलंय.

वानवडीची_सून
सगळ्यांचे आभार. काल रात्री मुलाला बसवून स्पर्श उघडलं. ऐंशीचे वीस टक्के मार्चपासून चालू आहेत. पासबुकात २०१४ ची उडीही सापडली, बाबांनी तिथे पेन्सिलने गोल केला. सासूबाईंच्या आधारवर मात्र 'सुमन' आणि पीपीओवर 'सुमनबाई' आहे, ते लगेच हातात घेतलंय. सेवेच्या रकान्यात ३०.५ लिहिलंय. खडकीकर काका, तुम्हाला नमस्कार करावासा वाटला.

माणूस मात्र केलाच, रागावू नका. शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त सुभेदार क्लार्क राहतात, अडीच हजार म्हणाले. ३०.५ चे ३१ करायचा अर्ज मीही लिहिला असता, पण बाबा माझ्याकडून काही समजून घेत नाहीत, "तुला रेकॉर्ड ऑफिस माहीत नाही" म्हणतात. सुभेदारसाहेब आज चारला आले. दारातच सॅल्यूट झाला. मग कळलं की डिसेंबर ७१ मध्ये दोघंही एकाच सेक्टरमध्ये होते. सात वाजता मी दिवा लावला तेव्हा ते टीपॉयवर चहाच्या बश्या आणि चष्म्याचं घर मांडून नदी कुठून वळते ते दाखवत होते. ट्रंक उघडली नाही. गुरुवारी परत येणार आहेत.

जुना_तोफची
रेजिमेंट कोणती ते विचारलंत का?